जीभ पोचत नाही तिथे: लठ्ठ मांजराची स्वच्छता, पायरी-पायरीने

आमची चिमी सात किलो शंभर ग्रॅमची आहे, हे आम्हाला इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या किराणावाल्यानं सांगितलं. घरचा वजनकाटा एकदा सहा आठशे दाखवायचा, एकदा सात चारशे. शेवटी वेताच्या टोपलीत घालून तिला दुकानात नेली आणि साखरेची पोती मोजायच्या काट्यावर ठेवली. "भाभीजी, टोकरी का वजन काटूँ क्या?" त्यानं विचारलं. टोपली वजा करूनही आकडा फारसा हलला नाही. नाव मात्र चिमी. आणली तेव्हा ओंजळीत मावत होती, त्याला आम्ही काय करणार!

वजन करायला गेलो होतो ते वासामुळे. सोफ्याला वास, उशीला वास. घरातल्या प्रत्येकानं ठरवून टाकलं की चिमी आता आळशी झाली, अंग चाटत नाही. ती चाटत होती. पुढचे पाय, छाती, तोंड अगदी लख्ख. पण पोटाच्या घेरामुळे मान वळायची ती कंबरेपाशी येऊन थांबायची. तिथून पुढे कोंडा, शेपटीच्या बुडाशी गुंता आणि शेपटीखाली जे असायला नको ते सगळं. म्हणजे घाण कुठे सुरू होते ते पाहिलं की जीभ कुठे संपते ते कळतं. तेवढ्याच जागेची जबाबदारी आपण घ्यायची, बाकीचं मांजर आपलं आपण बघून घेतं.

मांजराच्या जिभेवरचे काटे टोकाला पोकळ, पळीसारखे असतात, हे 2018 मध्ये जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी दाखवलं. त्या खोबणीत लाळ भरते आणि थेट केसांच्या मुळाशी जाते. आपल्या कुठल्याही ब्रशला हे जमत नाही. म्हणून जिभेची बरोबरी करायच्या भानगडीत पडू नका. रोज पाच मिनिटं, ठरावीक जागा, एवढंच काम आहे. महिन्यातून एकदा बादलीभर पाण्यात बुचकळून काढणं हा उपाय नव्हे, शिक्षा आहे. तिला आणि तुम्हालाही.

आधी हात फिरवा, मग कंगवा

पहिले दोन दिवस काही साफ करू नका. नुसतं तपासा. मांजर उभं असताना दोन्ही तळवे बरगड्यांवरून फिरवा. आपल्या हाताची पालथी बाजू चाचपली तर हाडं जशी पातळ थराखाली लागतात, तशा बरगड्या लागल्या पाहिजेत. दाबून शोधाव्या लागत असतील तर मांजर जाड आहे. वरून पाहिलं तर बरगड्यांमागे कंबर आत गेलेली दिसायला हवी. पशुवैद्य यालाच 1 ते 9 असे गुण देतात. 5 म्हणजे बेताचं, 8-9 म्हणजे आमची चिमी. ओटीपोटाखाली लोंबणारी सैल कातडी बारीक मांजरालाही असते, तेवढ्यावरून घाबरू नका.

मग केस मागे सारून पाहा: कंबर, शेपटीचं बूड, बगला, जांघा, पोटाची घडी, शेपटीखालची जागा. पांढरा कोंडा दिसला तर बहुधा न चाटल्याचा. काळे बारीक कण दिसले तर ते ओल्या कापसावर चोळा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मग कंगव्याआधी पिसवांचं औषध. इथे एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहायला हवी: कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावायचं नाही. त्यातल्या पुष्कळ औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराच्या जिवावर बेततं.

मांजरानं अचानक अंग चाटणं सोडलं असेल, खूप पाणी पीत असेल, ढिगानं शू करत असेल, किंवा मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जा. लठ्ठ मांजराला मधुमेह होऊ शकतो. वय झालं असेल तर सांधेही दुखत असतात, वळायला त्रास होतो तो त्यापायी. इंदूरकरांना एक सोय आहे, पंचवीसेक किलोमीटरवर महूला 1955 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जवळचा दवाखाना मांजराला हात लावायला कचरत असेल तर तिकडचा रस्ता धरावा.

सामान

निम्मं घरातच आहे. जुन्या धोतराचं किंवा पंच्याचं मऊ फडकं, हातरुमालाएवढे तुकडे करून. कापसाचा रोल. कोमट पाण्याची वाटी. स्वैपाकघरातलं कॉर्नफ्लोअर. विकत घ्यायचा तो स्टीलचा कंगवा, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला. आजीची उवांची फणी असेल तर पिसवा पकडायला तिच्याइतकं सरस काही नाही, पण गुंत्याला तिचा उपयोग शून्य. बोथट टोकाचा मऊ ब्रश हौस म्हणून घ्या. केसांची मुळं खरवडणारे ते दात्यांचे महागडे ब्रश जाड मांजराच्या ताणलेल्या कातडीला ओरबाडतात, मी घेतला होता, आता गालिचा झाडायला वापरते.

घरात असूनही वापरायचं नाही ते: माणसांचा शाम्पू, फिनाइल किंवा तत्सम जंतुनाशकाचे थेंब घातलेलं पाणी, टी-ट्री किंवा कुठलंही सुगंधी तेल, टाल्कम पावडर, बाळाच्या नॅपी-रॅशचं झिंकवालं मलम. कारण साधं आहे. अंगावर लावलं ते थोड्या वेळानं पोटात जातं. खोबरेल तेल विषारी नाही, पण केस तेलकट होऊन आणखी चिकटतात आणि चाटून चाटून उष्मांक वाढतात ते वेगळेच. हळदीबद्दल काय सांगू, आमच्याकडे आठवडाभर पिवळी मांजर फिरत होती.

बसवायचं कसं

जेवणाआधी अर्धा तास ही वेळ उत्तम. भूक असते, म्हणून लाच चालते. ती लाच तिच्या दिवसाच्या मापातलीच हवी. सकाळी तिच्या कोरड्या खाण्यातले दहा दाणे वेगळे काढून ठेवा.

मानगूट धरून उचलू नका. सात किलो वजन मानेच्या कातडीवर लटकवणं म्हणजे छळ. एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली. जमिनीवर चटई टाका, आपण मांडी घालून बसा आणि तिला आपल्याच दिशेला पाठ करून, म्हणजे दोघांची तोंडं एकीकडे, मांडीच्या खळग्यात उभी किंवा कुशीवर घ्या. उताणी करू नका. पोटाची चरबी छातीवर दाब देते, श्वास कोंडतो, मग ती ओरबाडते आणि आपण म्हणतो मांजर चावरी आहे. तोंड उघडून धापा टाकायला लागली तर सगळं तिथल्या तिथे थांबवा. शेपूट आपटायला लागली, कान मागे गेले, कातडी थरथरली, की आजचं काम झालं. दोन मिनिटांत झालं असलं तरी झालं.

पहिला आठवडा फक्त कंगव्याच्या पाठीनं कुरवाळायचं. हा आठवडा सगळे गाळतात आणि पुढे महिनाभर त्याची फेड करतात.

विंचरणं

डोक्यापासून सुरुवात करा, कारण तिथे तिला आवडतं. मान, पाठ, मग कंबर. केसांच्या दिशेनंच. कंबरेपाशी पोचलात की वेग निम्मा करा. मृत केसांचे थर तिथेच साचलेले असतात. आधी विरळ दात, मग दाट. पोटाकडे जाताना मांजर कुशीवर असू द्या, वरचा मागचा पाय हलकेच उचला आणि तीन-चार फेऱ्या मारून सोडा. एका दिवशी एक कूस. तोकड्या केसांच्या देशी मांजराला आठवड्यातून तीनदा पुरतं. पर्शियन असेल तर रोज. त्या पळीवाल्या संशोधनातच आढळलं होतं की पर्शियनच्या दाट केसांतून जीभ कातडीपर्यंत पोचतच नाही, मग ते बारीक असो की जाड.

जटा

गुंता आणि जट यांत फरक आहे. गुंता बोटांनी सुटतो. जट कातडीला धरून असते, खालच्या कातडीला हवा लागत नाही, ती ओढली जाते आणि प्रत्येक पावलाला दुखतं. मांजर हात लावू देत नाही ते यासाठी.

गुंता असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर त्यात चोळा. केस कोरडे, निसरडे होतात. डाव्या हाताच्या चिमटीत गुंत्याचं बूड धरा, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. मग टोकाकडून, शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरपासून, कंगव्याचं एकच कोपऱ्याचं टोक वापरून सोडवत मुळाकडे या. लांब केसांच्या मुलीची वेणी सोडवलेल्या कुठल्याही आईला हे शिकवावं लागत नाही. गुंता ओला करू नका. ओला झाला की आवळतो. म्हणूनच अंघोळ आधी आणि विंचरणं नंतर हा क्रम उलटा आहे.

आणि कात्री. कात्री हातात घेऊ नका. मी घेतली होती. बगलेतली जट, सुपारीएवढी, मला वाटलं केस आणि कातडी यांमधली रेषा दिसतेय. मांजराची कातडी फार पातळ असते आणि जट उचलली की ती तंबूसारखी जटेत वर येते. कच्‌ असा आवाज झाला, रक्त मुळी आलंच नाही, चिमीही ओरडली नाही, फक्त बगलेत गुलाबी फट दिसत होती. दोन टाके. डॉक्टर काही बोलले नाहीत, त्यांच्याकडे आठवड्याला असं एखादं येतच असावं. जट बोटांनी उभी चिरून दोन-तीन भागांत सुटली तर ठीक, नाही तर दवाखान्यात ट्रिमरनं काढून घ्या. फार जटा असतील तर ते भूल देऊन करतात; जाड मांजराला भुलीची जोखीम थोडी जास्त, म्हणून तोवर पोचूच देऊ नये.

शेपटीखालचं काम

सगळ्यात नकोसं, आणि सगळ्यात महत्त्वाचं.

रोज एकदा, शी-शूच्या ट्रेवर जाऊन आल्यावर, शेपूट हलकेच वर करून पाहा. स्वच्छ असेल तर हातही लावू नका. ओली घाण असेल तर कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं घ्या. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला गरमही लागू नये, गारही. वाळलेली असेल तर खरवडू नका. ओला कापूस त्यावर एक-दोन मिनिटं नुसता टेकवून धरा. चिकटलेली साबूदाण्याची पातेली आपण भिजत घालतो तसं. आपोआप सुटतं. मांजर मादी असेल तर पुसण्याची दिशा शूच्या जागेकडून शीच्या जागेकडे, उलट कधीच नाही. प्रत्येक पुसण्याला फडक्याची नवी घडी. शेवटी कोरड्या फडक्यानं टिपा. चोळायचं नाही.

जाड मादीची एक खास अडचण असते. शूच्या जागेभोवती चरबीची घडी पडते, आत ओल राहते, कातडी लाल होते, आंबूस वास येतो. आमच्या सोफ्याचा वास हाच होता. दोन बोटांनी घडी अलगद फाकवा, ओल्या कापसानं टिपा, कोरड्यानं टिपा, सोडून द्या. लाली दोन-तीन दिवसांत कमी झाली नाही, किंवा चिकट पू दिसला, तर डॉक्टर. मलम मनानं नाही. बोका असेल आणि तो वारंवार ट्रेवर बसून कण्हतोय, पण शू होत नाहीये, तर ही स्वच्छतेची बाब नाही. मूत्रमार्ग तुंबला असू शकतो, तासाभरात दवाखाना गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

बूड जमिनीवर घासत चालत असेल तर गुदद्वाराच्या बाजूच्या ग्रंथी भरल्या असतील. त्या घरी दाबायच्या नसतात.

लांब केसांच्या मांजराचे शेपटीखालचे आणि मांड्यांच्या आतले केस दवाखान्यात महिना-दीड महिन्यानं तोकडे करून घ्या. निम्मं काम वाचतं.

आता ते मुळात घाण होतंच का? चिमीच्या बाबतीत कारण माझ्या सासूबाई. रोज सकाळी दूध तापवलं की सायीचा एक पापुद्रा बशीत. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, शी पातळ होते, पातळ शी केसांना लागते. मी सांगून पाहिलं.

"अगं, एवढीशी साय, तिनं काय होतंय?"

"आई, ती एवढीशी साय नंतर तिच्या शेपटीखाली निघते. पुसते मी."

दुसऱ्या दिवशी पुसायचं फडकं मी त्यांच्या हातात दिलं. साय पंधरा दिवसांत बंद झाली. वादानं होत नव्हतं ते फडक्यानं झालं.

ट्रे

जाड मांजराला उंच कडेचा, झाकणाचा ट्रे नकोसा होतो. चढताना पोट घासतं, आत वळता येत नाही, मग ती स्वतःच्याच घाणीवर बसते. मांजराच्या लांबीच्या दीडपट लांब आणि एका बाजूनं जेमतेम चार बोटं उंच असा ट्रे हवा. आम्ही प्लास्टिकचं मोठं घमेलं आणून एक बाजू कापली आणि कडेला टेप लावली. वाळू रोज दोनदा चाळा. इंदूर 2017 ते 2023 सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि कचरागाडीवाले डबे उघडून बघतात. वाळूची पुडी आणि पुसलेली फडकी ओल्या कचऱ्यात टाकू नका, वेगळी बांधून द्या.

नखं, हनुवटी, कान

नखं दर दोन-तीन आठवड्यांनी. बैठ्या मांजराची झिजत नाहीत, म्हाताऱ्याची तर वळून गादीत रुततात. बोट हलकेच दाबून नख बाहेर काढा, आतली गुलाबी नस दिसते तिच्या पुढचं फक्त टोक कापा. एका बैठकीला दोन नखं झाली तरी चालेल. हनुवटीवर काळे ठिपके आले तर प्लास्टिकची वाटी बदलून स्टीलची ठेवा आणि रोज घासा. कानात इयरबड घालू नका.

अंघोळ

मांजर तेलात पडलं, रंगात लोळलं किंवा डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला, तरच. इतर वेळी पुसणं पुरतं. घालावीच लागली तर विंचरून झाल्यावर, टबात बोटभर कोमट पाणी, खाली रबरी चटई, मांजरांचा शाम्पू, तोंड कोरडं. पोटाच्या घड्या शेवटच्या थेंबापर्यंत टिपायच्या. डिसेंबर-जानेवारीत नको.

पावसाळ्यात दोन गोष्टी खास बघा. घडीतली ओल वाळत नाही, बुरशी धरते. केस गोल चकत्यांनी गेले तर ते गजकर्ण असू शकतं आणि ते आपल्यालाही लागतं, म्हणून हात साबणानं धुवा. दुसरं, घाण केसांवर माश्या अंडी घालतात, अळ्या पडतात. ऐकून किळस येते, पण श्रावणात एक दिवस शेपूट न बघितल्याची ती किंमत असू शकते. अळ्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर.

वजन

पुसणं कायमचं नको असेल तर पोट कमी करावं लागणार, आणि इथे घाई घातक आहे. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर चरबी यकृतात साठते आणि जीवही जाऊ शकतो. "आज काही देऊ नका, उद्या खाईल" हा आपला नेहमीचा हट्ट मांजरावर चालवू नका. आठवड्याला अंगाच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास घट पुरते, दोन टक्क्यांच्या वर नको. सात किलोला एक टक्का म्हणजे सत्तर ग्रॅम. घरच्या काट्यावर ते दिसत नाही, म्हणून आम्ही दर दुसऱ्या रविवारी टोपली घेऊन किराणावाल्याकडे जातो. तिथे आता गिऱ्हाइकंसुद्धा आकडा विचारतात.

खाण्याचं माप डॉक्टरांकडून घ्या, आणि ते ग्रॅममध्ये तोला. वाटीनं नाही, वाटी कोण भरतंय त्यावर माप बदलतं. नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या मांजराला आधीपेक्षा कमी खाणं लागतं, हे बऱ्याच घरांत कोणी सांगितलेलंच नसतं. पोळी-दूध हे मांजराचं जेवण नव्हे, ते मांसाहारी जनावर आहे. आणि पोहे, शेव, कचोरी यांतलं काहीही नको. मीठ-मसाला सोडा, कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात.

नऊ महिन्यांत चिमी पाच किलो नऊशेवर आली आहे. कंबरेपर्यंत जीभ पोचते, शेपटीचं बूड अजून माझ्याकडे.

मागच्या महिन्यात चार दिवस लग्नाला पुण्याला जायचं होतं. फ्रिजवर चिठ्ठी लावून गेले: सकाळ-संध्याकाळ सत्तावीस ग्रॅम, काटा ओट्यावर. शेपूट रोज बघणे. फडकी निळ्या डब्यात. एक दिवस खाल्लं नाही तर मला नाही, डॉक्टरांना फोन. साय नाही.

परत आले तेव्हा चिठ्ठी तिथेच होती. "साय नाही"च्या पुढे सासूबाईंच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "दिली नाही. मागत होती."